मार्जारान्नाची परीक्षा

जुन्या वाड्यांतून मांजराच्या आहाराचा विचार कोणीं कधीं केला नाहीं, आणि तसा तो करण्याचें कारणहि नव्हतें. सकाळीं बशीभर दूध आणि दुपारीं उरलेला दूधभात एवढें घरानें द्यावें. बाकीचें तें माळ्यावर, बळदांत आणि परसांत स्वतः मिळवीत असे. उंदीर, पाल, टोळ यांवर त्याचें खरें पोषण होई. दूधभात हा निव्वळ घरोब्याचा भाग. आज पुण्यामुंबईच्या चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत जें मांजर जन्मभर दाराबाहेर पडत नाहीं, त्याची गोष्ट निराळी आहे. त्याला माळा नाहीं, परसूं नाहीं, उंदीर नाहीं. वाटींत आपण जें घालूं तेवढाच त्याचा आहार. त्यांत एखादें द्रव्य उणें असलें, तर तें दुसरीकडून मिळविण्याचा मार्ग त्याला उरलेला नाहीं. म्हणून दुकानांतून आणलेल्या कोरड्या दाण्यांची पारख करणें ही हौस नव्हे. प्राण्याला घरांत कोंडून ठेवणाऱ्याचें तें कर्तव्य आहे.

प्रथम त्या प्राण्याचा स्वभाव पाहूं. हितोपदेशांत दीर्घकर्ण नांवाचा एक मार्जार आहे. आपण निरामिष आहों, चांद्रायण व्रत आचरीत आहों, असें सांगून तो जरद्गव गिधाडाचा विश्वास संपादितो आणि पुढें झाडावरील पक्ष्यांचीं पिलें फस्त करितो. कथाकारानें त्याला ढोंगी ठरविलें. शरीरशास्त्र मात्र त्याच्या भुकेला दोष देत नाहीं. मांस सोडण्याचें व्रत मार्जारकुळाला झेपणारेंच नाहीं. टॉरीन नांवाचें द्रव्य मांजराचें शरीर पुरेसें घडवूं शकत नाहीं, आणि धान्यांत व भाज्यांत तें जवळजवळ नसतेंच. गाजरांतील रंगद्रव्यापासून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवितों. मांजराला तें तयारच मिळावें लागतें. गोडाची चव ओळखणारें एक जनुक मांजरांत निकामी झालें आहे, हें २००५ सालीं फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेंतील संशोधकांनीं दाखविलें. तेव्हां बासुंदीच्या पातेल्याशीं मांजर घोटाळतें तें सायीसाठीं, साखरेसाठीं नव्हे.

हा विचार केवळ पुस्तकी नाहीं. टॉरीन कमी पडल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो व अखेर तें आंधळें होतें, हें १९७५ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालें. १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्य पॉल पायन व त्यांचे सहकारी यांनीं त्याहून गंभीर गोष्ट उघडकीस आणली. हृदय पसरून दुबळें होत चाललेलीं कित्येक मांजरें बाजारांतील तयार अन्नच खात होतीं, आणि त्यांच्या रक्तांत टॉरीन उणें होतें. तें पुरविल्यावर त्यांतील पुष्कळांचीं हृदयें सुधारलीं. त्यानंतर कारखानदारांनीं अन्नांतील टॉरीन वाढविलें. कुत्र्याचे दाणे मांजराला घालणें धोक्याचें, त्याचें हेंच मुख्य कारण.

येथें शाकाहारी घरांपुढें एक पेंच उभा राहतो. आपल्या स्वयंपाकघरांत मांसाचे दाणे नकोत, ही भावना मी जाणतों. परंतु व्रताला संकल्प लागतो, आणि मांजरानें कोणताहि संकल्प सोडलेला नाहीं. दाण्यांची पिशवी स्वयंपाकघराबाहेर ठेवावी, वाटी वेगळी राखावी. पण आपलें व्रत त्याच्या शरीराकडून पाळून घेऊं नये. ज्यांना एवढेंहि मानवत नसेल त्यांनीं मांजर न पाळणें हाच प्रामाणिक मार्ग होय.

आतां पिशवी हातीं घ्या आणि ती उलटी करा. पुढल्या बाजूवरचा मासा व गुबगुबीत मांजर हें चित्रकाराचें काम. आपलें काम मागल्या बाजूच्या बारीक अक्षरांशीं आहे.

पहिलें पाहावयाचें तें 'परिपूर्ण व समतोल' हें विधान, आणि तें कोणत्या मानकास अनुसरून केलें आहे तें. अमेरिकेंतील पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या 'आफ्को' या संस्थेचें मानक बहुधा आधाराला घेतलेलें असतें, युरोपांत 'फेडियाफ'चें. 'आफ्को'च्या मानकाप्रमाणें ओलावा वगळून मोजतां प्रौढ मांजराच्या अन्नांत निदान २६ टक्के प्रथिनें व ९ टक्के मेद हवा. वाढत्या पिलाच्या व गाभण मांजरीच्या अन्नांत प्रथिनें निदान ३० टक्के हवींत. कोरड्या दाण्यांत टॉरीन निदान ०.१ टक्का हवें. तेव्हां अन्न पिलांसाठीं आहे, प्रौढांसाठीं आहे कीं सर्व वयांसाठीं, हेंहि तेथेंच पाहावें. 'पूरक' असें लिहिलें असेल तर तो खाऊ समजावा, जेवण नव्हे. 'घरांतल्या मांजरांसाठीं' ही छापील उपाधि मात्र मानकांतली नाहीं. तिचा अर्थ बहुधा एवढाच, कीं उष्मांक थोडे कमी आणि चोथा थोडा अधिक.

दुसरें गणिताचें काम. इयत्ता चौथीच्या मुलालाहि तें जमेल. समजा, पिशवीवर प्रथिनें ३०, मेद १०, चोथा ४ आणि ओलावा १० टक्के असें छापलें आहे. राख, म्हणजे खनिज क्षार, न छापल्यास सुमारें ८ धरावी. बेरीज झाली ६२. उरलेले ३८ टक्के पिष्ट. छापील आंकडे 'किमान' आणि 'कमाल' असे असल्यानें हा अंदाज आहे, पण तुलनेला तो पुरतो. पिष्ट म्हणजे विष नव्हे. शिजविलेलें पिष्ट मांजराला पचतें, आणि त्यावांचून यंत्रांतून दाणा नीट बांधलाहि जात नाहीं. तथापि दोन पिशव्यांत इतर गुण सारखे असतां जींत प्रथिनें अधिक व पिष्ट कमी ती मी पसंत करीन. ओल्या अन्नाशीं तुलना करावयाची तर आधीं पाणी वजा करावें. डब्यावर प्रथिनें १० व ओलावा ८० टक्के लिहिलेला असतो. म्हणजे २० भाग घन पदार्थांत १० भाग प्रथिनें, अर्थात् निम्मीं! वरील दाण्यांत तें प्रमाण ९० त ३०, म्हणजे तिसरा हिस्सा.

परंतु टक्केवारीवर सर्व भिस्त ठेवूं नये. प्रयोगशाळा बहुधा प्रथिनें प्रत्यक्ष मोजीत नाहीं. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ नें गुणते. ही युक्ति १८८३ सालीं केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानें सांगितलेल्या पद्धतीवर उभी आहे. तिच्यांतील फट २००७ सालीं दिसली. चीनमधून अमेरिकेंत गेलेल्या गव्हाच्या चिकट प्रथिनांत मेलामाइन मिसळलें होतें. त्यांत नत्र विपुल, म्हणून कागदावर प्रथिनें भरपूर दिसलीं. प्रत्यक्षांत मूत्रपिंडें निकामी होऊन अनेक मांजरें व कुत्रे दगावले. म्हणून तिसरी गोष्ट घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानें असते, आणि वजन शिजविण्यापूर्वींचें असतें. ताज्या कोंबडीच्या मांसांत सुमारें दोनतृतीयांशाहून अधिक पाणी; तेव्हां यादींत 'कोंबडी' पहिली आणि मागून मका, मक्याचा चिकटा, तांदूळ, गहूं अशी रांग असली, तर पाणी आटल्यावर धान्यांचें पारडें जड झालेलें असतें. उलट 'कोंबडीच्या मांसाचें पीठ' हें वाळविलेलें असल्यानें नांव ओबडधोबड असलें तरी प्रथिनांनीं भरलेलें असतें. अमेरिकन नियमांत 'टूनासहित' म्हणावयास टूना ३ टक्के पुरतो; 'टूनाच्या चवीचें' म्हणावयास ठराविक प्रमाणहि लागत नाहीं, चव जाणवली कीं झालें. 'सहित' आणि 'चवीचें' या शब्दांतला भेद व्याकरणाच्या विद्यार्थ्यानें अवश्य ध्यानांत धरावा.

अन्न चांगलें असूनहि मापानें बिघडतें. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारणपणें ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. चार किलो वजनाच्या, खच्चीकरण झालेल्या व घरांतच बसणाऱ्या मांजराला दिवसाला सुमारें २०० पुरतात. म्हणजे ५० ते ६० ग्रॅम, आणि तेहि तराजूनें तोलून. एकत्र कुटुंबांत आजी एक मूठ घालते, सूनबाई दुसरी आणि शाळेंतून आलेलीं मुलें तिसरी. मग मांजर फुगतें आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. रोजचें माप सकाळींच एका डब्यांत काढून ठेवावें. ज्याला घालावयाचें त्यानें त्यांतूनच घालावें. मात्र लठ्ठ मांजराला एकदम उपास घडवूं नये. कांहीं दिवस अन्न तुटल्यास त्याच्या यकृतांत मेद सांचून प्राणावर बेततें. एकादशी आपल्यालाच लखलाभ!

शेवटीं पाणी. उंदराच्या देहांत सुमारें ७० टक्के पाणी, दाण्यांत जेमतेम १०. मांजर मूळचें कोरड्या प्रदेशांतलें. तहान त्याला उशिरां लागते. घरांत दोनतीन ठिकाणीं स्वच्छ पाणी ठेवावें, आणि जमल्यास एका वेळीं ओलें अन्न द्यावें. बोका वारंवार कुंथत असून लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावा. मूत्रमार्ग तुंबल्यास एकदोन दिवसांत तो मरतो.

नवे दाणे सुरू करतांना आठ-दहा दिवसांत जुन्यांत थोडथोडे मिसळून बदल करावा. त्यापुढें दर महिन्यास मांजराचें वजन एका वहींत लिहावें, बरगड्या हाताला सहज लागतात कीं नाहीं तें चांचपून पाहावें, केसांची तकाकी व विष्ठेचा घट्टपणा पाहावा. हीं लक्षणें दोनतीन महिने चांगलीं राहिलीं, तर तें अन्न त्याला मानवलें असें समजावें. नाहींतर पिशवीवर कांहींहि छापलेलें असो, वही घेऊन पशुवैद्याकडे जावें. तिच्यांतील आंकडे त्यांना पिशवीच्या वर्णनाहून अधिक उपयोगी पडतील.