प्लाझ्मा संच : ठेवावा, दुरुस्त करावा की काढावा?

भिवंडीहून वाड्याकडे निघाले आणि नदी नाका मागे पडला की शेलार लागते. दिवसभर यंत्रमागांची खडखड, सायझिंग व रंगाईच्या कारखान्यांचा धूर, ताग्यांनी भरलेले टेम्पो. खाली गोदाम आणि वर राहते घर अशी मांडणी या परिसरात नवीन नाही. असेच एक घर डोळ्यांसमोर आणावे. दिवाणखान्यात भिंतीवर ४३ इंची प्लाझ्मा संच. २०११ साली, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी आणलेला. त्या २ एप्रिलला वानखेडेवरील सामना पाहण्यासाठी शेजारची निम्मी गल्ली त्या खोलीत बसली होती. आता संच चालू करताना तीन-चार वेळा ‘टक्’ असा आवाज होतो आणि मग चित्र येते. कधी येतही नाही. कारागीर सात हजार रुपये मागतो. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. आजी म्हणतात, यात दिसते तसे नव्यात दिसत नाही. घरातील या तीन मतांपैकी एकही सर्वस्वी चूक नाही, आणि म्हणूनच निर्णय लांबतो.

हा संच त्या वेळी का घेतला गेला, हे आधी पाहिले पाहिजे. २०१० ते २०१३ या काळात मोठा पडदा आणि आटोपशीर खर्च ही जोडी प्लाझ्माखेरीज दुसऱ्या कशातही मिळत नव्हती. चांगल्या कंपनीच्या ३२ इंची एलईडी संचाच्या आसपासच्या पैशांत ४२ किंवा ४३ इंचांचा प्लाझ्मा येत असे. व्यापारी माणसाला प्रति इंच भाव समजावून सांगावा लागत नाही. दुकानदाराने फक्त एक गोष्ट हळू आवाजात सांगितलेली असे : या स्वस्त संचांचा पडदा पूर्ण एचडी नव्हता, १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचा होता. तेव्हाच्या केबलच्या चित्राला तो पुरून उरत असे, त्यामुळे कोणाची तक्रार झाली नाही. आठ-दहा फुटांवरून पाहिल्यास आजही सहसा होत नाही.

आजींच्या म्हणण्यातही तथ्य आहे. प्लाझ्माच्या दोन काचांमध्ये लाखो सूक्ष्म कप्पे असतात. वरील हिशेबाने प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा असे तीन, म्हणजे तेवीस लाखांहून अधिक. प्रत्येक कप्प्यात निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण भरलेले असते. विजेचा दाब मिळताच वायूतून अतिनील किरण निघतात, ते कप्प्यातील लेपावर पडतात आणि लेप उजळतो. एलसीडी किंवा एलईडी संचात मागे दिवा असतो आणि पुढचा थर तो प्रकाश अडवतो किंवा सोडतो. स्वस्त संचात काळ्या जागेतूनही थोडा उजेड झिरपतो. प्लाझ्मात कप्पा स्वतःच जवळजवळ विझतो. म्हणून काळे अधिक गडद दिसते, चेंडू धावताना शेपूट सोडत नाही आणि कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही रंग फिके वाटत नाहीत. खोलीत फार उजेड असेल तर मात्र हा सारा लाभ नाहीसा होतो, कारण पुढची काच आरशासारखी खिडकी दाखवू लागते.

या तंत्राचा जन्म करमणुकीसाठी झालाच नव्हता. १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी पहिला प्लाझ्मा पडदा तयार केला, तो ‘प्लेटो’ नावाच्या संगणकीय शिक्षणप्रणालीसाठी. नारिंगी एकरंगी अक्षरांपासून दिवाणखान्यातील रंगीत चित्रापर्यंत पोहोचण्यास तीन दशके लागली, आणि शेवट मात्र फार लवकर आला. पायोनिअर कंपनीने २००९ मध्ये या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. पॅनासॉनिकने ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सॅमसंग आणि एलजी या दोघांनी २०१४ च्या अखेरीपर्यंत प्लाझ्मा बंद केला. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांचा एकही नवा प्लाझ्मा पडदा बाजारात आलेला नाही. कारागिराने सांगितलेला सात हजारांचा आकडा तपासताना ही एक बाब विसरता येत नाही : तो जो ‘नवा’ भाग बसवणार आहे, तो बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी मेलेल्या संचातून काढलेला आहे.

पडद्याचे आयुष्य आणि संचाचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पादक कंपन्या पडद्याची उजळणी निम्मी होण्यास साठ हजार, काही तर एक लाख तास लागतील असे सांगत. रोज पाच तास धरले तरी साठ हजार तासांना बत्तीस वर्षांहून अधिक काळ लागतो. पडदा सहसा मरतच नाही. मरतात त्यामागचे सर्किट बोर्ड. कप्पे पेटते ठेवण्यासाठी जवळपास दोनशे व्होल्टचा दाब सतत पुरवावा लागतो, आणि तो पुरवणारे बोर्ड व वीजपुरवठ्यातील कॅपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. चालू होताना होणारी ती ‘टक् टक्’ बऱ्याचदा तेथूनच येते. दोष केवळ कॅपॅसिटरचा असेल तर दुरुस्ती स्वस्त आणि टिकाऊ ठरते. सस्टेन बोर्ड गेला असेल तर भाग मिळेल, परंतु हमी मिळणार नाही. काचेला तडा गेला असेल तर विषयच संपला. म्हणून पैसे ठरवण्यापूर्वी कारागिराला एकच प्रश्न विचारावा : नेमका कोणता बोर्ड? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा कारागीर शोधावा. घरातील कोणी हौशी मुलाने मागचे झाकण उघडू नये. संच बंद केल्यानंतरही आतील कॅपॅसिटरमध्ये बराच वेळ धोकादायक दाब साठून राहतो.

शेलारसारख्या गावात आणखी एक शत्रू आहे आणि तो म्हणजे रुई. मागांवरून उडणारे तंतू खिडकीतून येतात आणि संचाच्या मागील जाळीवर गालिच्यासारखे बसतात. प्लाझ्मा आधीच गरम चालतो. जाळी बुजली की आतील उष्णता बाहेर पडत नाही. दोन-तीन महिन्यांनी संच बंद करून, प्लग काढून, बाहेरून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने जाळी साफ करावी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. काही कुटुंबे चातुर्मासात टीव्हीचा त्याग करतात आणि संचावर कापड घालून ठेवतात. त्याग चांगला, कापडही चांगले, परंतु पावसाळ्याच्या दमटपणात धूळ ओलसर होते आणि उच्च दाबाच्या बोर्डांवर ओली धूळ घातक असते. चार महिन्यांनी एकदम बटण दाबण्यापूर्वी कापड काढून, खोली कोरडी करून, जाळी साफ करून घ्यावी. जुन्या संचाची आतील सफाईही त्याच सुमारास कारागिराकडून करून घेतलेली बरी.

विजेच्या दाबाचे म्हणाल तर भिवंडीकरांची एक पिढी दाबाच्या चढउतारावरच वाढली आहे. येथील वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे आले. त्यापूर्वी वितरणातील गळती निम्म्याहून अधिक होती आणि भारनियमन ही रोजची बाब होती. आज परिस्थिती तेव्हासारखी राहिलेली नाही, तरी मोठे मोटारभार एकदम सुरू-बंद होणाऱ्या भागात जुन्या संचाला स्टॅबिलायझर लावणे हा वायफळ खर्च नव्हे.

आता खतावणी उघडावी. प्लाझ्मा खूप वीज खातो, म्हणून तो बदलावा, असे सर्रास सांगितले जाते. आकडे काय म्हणतात? ४३ इंची साध्या प्लाझ्माचा सरासरी वापर १५० वॅट धरू. चित्र जितके पांढरे-उजळ तितका वापर वाढतो, अंधाऱ्या दृश्यात घटतो. त्याच मापाच्या एलईडीचा ७० वॅट धरू. रोज पाच तास चालवल्यास महिन्याला प्लाझ्माचे साडेबावीस युनिट होतात, एलईडीचे साडेदहा. फरक बारा युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याचे एकशेवीस आणि वर्षाचे चौदाशे चाळीस रुपये. नवा संच २० हजारांच्या मूळ किमतीचा असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३,६०० रुपये होतात. केवळ विजेच्या बचतीतून ते पैसे वसूल होण्यास सोळा वर्षे लागतील. ज्याचा प्लाझ्मा ठणठणीत आहे, त्याने विजेच्या धाकाने तो काढू नये.

परंतु ज्या घरी हाच संच सकाळी बाजार उघडण्यापूर्वी लागतो आणि रात्रीच्या मालिका संपेपर्यंत बंद होत नाही, त्या घरी हिशेब फिरतो. बारा तासांना फरक जवळपास २९ युनिट होतो, वर्षाला सुमारे साडेतीन हजार रुपये, आणि नव्या संचाचे पैसे सात वर्षांच्या आत निघतात. शिवाय वातानुकूलन यंत्रही चालू असेल तर प्लाझ्माची उष्णता बाहेर काढण्याचा भार त्यावर पडतो, तो वेगळा.

आणि बाजाराच्याच निमित्ताने या संचाची सर्वांत मोठी दुखरी जागा समोर येते. सव्वानऊ ते साडेतीन, शेअर बाजार चालू असताना एकच वाहिनी, तळाशी एकाच जागी धावणारी भावांची पट्टी, कोपऱ्यात एकच बोधचिन्ह. प्लाझ्माचे लेप ज्या जागी सतत उजळतात तेथे लवकर झिजतात, आणि त्या जागेची सावली कायमची उमटते. प्रवचनाच्या वाहिन्यांवर तळाशी स्थिर असणाऱ्या दूरध्वनी क्रमांकांच्या पट्टीनेही तेच होते. थोडा वेळ दिसून नाहीशी होणारी सावली निराळी. ती काही तास वेगवेगळी चित्रे चालवल्यावर जाते. संचातील ‘पिक्सेल शिफ्ट’ किंवा ‘ऑर्बिटर’ ही सोय चालू ठेवावी, उजेड व कॉन्ट्रास्ट खाली आणावा आणि बाजाराचे भाव मोबाइलवर पाहावेत. प्लाझ्मावर भाव पाहणे म्हणजे रेशमी शालूने ओटा पुसणे होय.

जुना प्लाझ्मा विकत घेण्याचा मोह होणारेही आहेत. चार-पाच हजारांत ४२ इंच मिळतो म्हणून. अशांनी खोली अंधारी करून पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र लावावे. पट्ट्यांच्या आणि बोधचिन्हांच्या सावल्या तेव्हाच दिसतात, विक्रेत्याच्या रंगीत नमुन्यात दिसत नाहीत. संच थंड असताना स्वतः चालू करून पाहावा. आधीच चालू ठेवलेला दाखवत असतील तर त्याचे कारण शोधावे. तासभर चालवून, गरम झाल्यावर ठिपके चमकतात का ते बघावे, आणि सेट टॉप बॉक्ससाठी एचडीएमआय खोबणी सुस्थितीत आहे याची खात्री करावी. सौदा पटला तर संच उभाच न्यावा. आडवा ठेवलेल्या प्लाझ्माच्या मोठ्या काचेला वाडा रस्त्यावरील एक खड्डा पुरतो.

नवा घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. २० हजारांच्या मूळ किमतीवर पूर्वी २५,६०० होत होते. जुने दरपत्रक दाखवून कोणी भाव सांगत असेल तर बिलातील कराची ओळ वाचावी. दुसरी गोष्ट अधिक अवघड, कारण ती सवयीची आहे. घरचा टीव्ही पेढीच्या नावावर घेऊन त्याचा इनपुट क्रेडिट उचलणे कायद्यात बसत नाही. वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या वस्तूवर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे क्रेडिट मिळत नाही. साडेतीन हजारांच्या करासाठी पुढे व्याज आणि खुलासे यांत किती दिवस जातात, हे ज्यांनी भोगले आहे ते पुन्हा करत नाहीत.

संच काढायचाच ठरला तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर घालू नये. काच फोडून आतील तांबे व बोर्ड काढायचे आणि उरलेले नदीकाठी टाकायचे, हा त्या धंद्यातील सोपा मार्ग आहे आणि कामवारीने आधीच पुष्कळ सोसले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच असा कचरा जावा अशी व्यवस्था आहे. नवा संच घेतानाच दुकानदाराला जुना परत घेण्याविषयी विचारावे. पडदा चांगला आणि बोर्ड गेलेला असेल, किंवा उलट, तर प्लाझ्मा दुरुस्त करणारा कारागीरही तो आनंदाने घेतो. दुसऱ्या कोणाच्या आजींचा संच त्यातूनच चालू राहतो.

वर उल्लेखलेल्या घरात मुलाने कारागिराला तो एक प्रश्न विचारला, असे समजू. उत्तर आले : वीजपुरवठ्यातील चार कॅपॅसिटर. सात हजार अठराशेवर आले. नवा एलईडी दिवाणखान्यात लागला, बाजार त्यावर पाहिला जातो. प्लाझ्मा आतल्या खोलीत गेला, जेथे दुपारी ऊन येत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून आजी तेथे तासभर बसतात. प्रवचनकारांच्या पांढऱ्या वस्त्रांवर पडद्याच्या तळाशी भावांच्या जुन्या पट्टीची करडी सावली अजून उमटते. आजींनी तिच्याविषयी अद्याप काही म्हटलेले नाही.