नाचणी, बाजरी रोज खावी का? फायदे आणि मर्यादा

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि नाचणी, बाजरीची शहरी ग्राहकांत चर्चा वाढली. तळेगाव दाभाडे परिसरातील शेतकऱ्यांना पिंपरी-चिंचवड, चाकणची बाजारपेठ जवळ आहे. मात्र ‘मधुमेह बरा करणारे धान्य’ असे सांगून विक्री करू नये. ग्राहकाचा विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही.

फायदे : १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते, तांदळात फारच कमी. बाजरीत लोह चांगले असते. ‘धनशक्ती’ हा वाण खास जास्त लोहासाठीच विकसित केला आहे.

मर्यादा : फायटेटमुळे लोह, कॅल्शियम पूर्ण शोषले जात नाही. बारीक पिठाची पातळ पेज रक्तातील साखर लवकर वाढवू शकते. थायरॉइडच्या रुग्णांनी रोज बाजरी खाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

काय करावे : दिवसातून एक वेळ भाकरी, सोबत डाळ किंवा उसळ, पालेभाजी व लिंबू घ्यावे. नाचणी भिजवून, मोड आणून वापरावी. बाजरीचे पीठ लवकर कडू होते. म्हणून थोडेच दळावे आणि विक्रीच्या पाकिटावर दळल्याची तारीख टाकावी.