संध्याकाळ कोणाची?

प्राथमिक वर्गांतील गृहपाठ मुलांना दिला जातो, ही आपल्या सर्वांचीच सोयीची समजूत आहे. आमच्या मते तो बहुतांशी त्यांच्या आईला दिलेला असतो. चर्चगेटहून विरार लोकलच्या गर्दीतून घरी परतलेली, किंवा दिवसभर वाडीत राबलेली आई पदराला हात पुसत तिसरीतल्या मुलाची वही उघडते, तेव्हा सकाळी सुटलेली शाळा स्वयंपाकघरात पुन्हा भरते. चार्ट पेपर कोण कापतो, प्रोजेक्टची चित्रे कोण चिकटवतो, हे शिक्षकांना ठाऊक आहे आणि पालकांनाही. तरीही गुण मुलाच्या नावावर पडतात.

वसईच्या घराघरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वही इंग्रजीत, आईचे शिक्षण मराठीत आणि आजीची बोली कादोडी. ज्या घरात इंग्रजी समजते किंवा शिकवणीची फी परवडते, तेथील मुलाची वही पूर्ण होते. ज्या घरात या दोन्ही गोष्टी नाहीत, तेथील मुलाच्या वहीवर लाल शाईचा शेरा येतो. हा शेरा मुलाच्या बुद्धीला नसून त्याच्या घराच्या परिस्थितीला दिलेला असतो. गरिबाच्या मुलाला आपल्या आईवडिलांची लाज वाटू लागावी, असे शिक्षण आपल्याला हवे आहे काय?

हा विचार नवा नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या प्रा. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात स्पष्ट सांगितले होते, की प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. द्यायचाच तर घरच्या परिसराचा शोध घ्यायला लावणारा द्यावा. २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला १ तास, अशी मर्यादा घातली आहे. अमेरिकेतील हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध वरच्या वर्गांत दिसतो, लहान वर्गांत तो क्षीण आहे, असे त्यांना आढळले. म्हणजे जेथे लाभ सर्वांत कमी, तेथेच आपण आग्रह धरून बसलो आहोत.

दोष केवळ शाळांना देऊन चालणार नाही. गृहपाठ कमी दिला की, "इथे शिकवतच नाहीत," अशी तक्रार घेऊन जाणारे पालकच असतात. "अभ्यास नसला तर मूल मोबाइल घेऊन बसेल," असेही सांगितले जाते. मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेणे हे आईवडिलांचे काम आहे. ते वहीवर सोपवणे ही पळवाट झाली.

मोठ्या मुलांनी घरी सराव करू नये, असे आम्ही म्हणत नाही. दहावीच्या मुलाला गणिते सोडवावीच लागतील. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाला आजीकडून दहा कादोडी शब्द विचारून आणायला सांगा, केळीच्या लोंगराच्या फण्या मोजायला सांगा. तो गृहपाठ शिकवणीवाल्याकडून करून घेता येणार नाही आणि त्यात अशिक्षित आजीही गुरू ठरेल.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक शाळा आपल्याच आहेत. पालक-शिक्षक संघाच्या पुढील सभेत सहलीची आणि गणवेशाची चर्चा आटोपल्यावर एवढे विचारा: २०२० ची ती मर्यादा आपल्या शाळेत पाळली जाते का? नसेल, तर कधीपासून पाळणार? सायंप्रार्थनेला मूल पेंगत बसते आणि जेवताना घरात कुणी कुणाशी बोलत नाही, याची खंत आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. त्या संध्याकाळी परत हव्या असतील, तर त्या मागून घ्याव्या लागतील.