सागरतळाची साक्ष

दुधाची ऊब बोट लावून कळते. तान्ह्याच्या अंगातील ताप आईच्या तळहाताला कळतो. पण २०,००० वर्षांपूर्वी समुद्र किती ऊन वा थंड होता, हे कोणी कशाने पाहावे? डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका जिवाने ते आपल्या घराच्या भिंतीत नोंदवून ठेवले आहे, असे आम्ही म्हटले तर वाचकांना ती कविकल्पना वाटेल. परंतु ती रसायनशास्त्रातील हकीकत आहे.

समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांना प्लवक म्हणतात. त्यांतील फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव पाण्यातील द्रव्ये घेऊन चुन्याचे, वाळूच्या कणाएवढे कवच बांधतात. जीव मरतो आणि कवच तळाशी जाते. खोल समुद्रात असा गाळ हजार वर्षांत अवघा काही सेंटिमीटर साचतो. तळात नळी खुपसून तो वर काढला, की थरागणिक जुना काळ हाती येतो.

प्राणवायूच्या अणूंपैकी सुमारे ५०० त एक किंचित जड असतो. पाणी जितके थंड, तितके हे जड अणू कवचात अधिक शिरतात. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ साली मांडलेल्या या तत्त्वाच्या आधारे चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली कॅरिबियन समुद्रातील गाळ तपासला, आणि हिमयुगात तेथील पृष्ठजल सुमारे ६ अंशांनी थंड झाले होते असा निष्कर्ष काढला.

खरी गोम येथेच आहे. हलक्या प्राणवायूचे पाणी अधिक सहज वाफ होते. हिमयुगात ती वाफ बर्फ होऊन जमिनीवर अडकली आणि उरलेला समुद्र जड झाला. म्हणजे जड कवच थंडीचीही साक्ष देते आणि दूरच्या बर्फाचीही. एमिलियानी यांनी बर्फाचा वाटा थोडा धरला होता. केंब्रिजच्या निकोलस शॅकलटन यांनी १९६७ साली तळाशीच राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांची कवचे पुढे केली. तेथील पाणी आधीच गोठण्याच्या बेतात. ते आणखी कितीसे गारठणार? तरीही त्यांतील बदल पृष्ठभागावरच्या कवचांएवढाच निघाला. तेव्हा साक्ष मुख्यतः बर्फाची होती! चूक कवचाची नव्हती, ऐकणाऱ्याची होती.

मग दुसरा साक्षीदार सापडला. त्याच कवचात कॅल्शियमच्या जागी थोडे मॅग्नेशियम शिरते, आणि पाणी १ अंशाने तापले की त्याचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यावरून ऊब काढावी, प्राणवायूच्या हिशेबातून ती वजा करावी, म्हणजे बर्फाचा अंदाज येतो. हाही साक्षीदार अगदी निर्दोष नव्हे. कवच तळाशी विरघळू लागले की मॅग्नेशियम आधी निघून जाते, आणि समुद्र होता त्याहून थंड भासतो.

आमच्या गोमंतकीय वाचकांना दोनापावला येथील, १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था परिचित असेल. अरबी समुद्राच्या गाळातील अशाच कवचांवरून तेथे गतकाळच्या पावसाळ्यांचा माग काढला जातो.

त्या हिमयुगात उष्ण कटिबंधातील समुद्र आजच्याहून काही अंशांनीच थंड होता. पण त्याची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती. आज माणसाच्याच करणीने समुद्र तापत असताना, किती अंशांना किती बर्फ, हा हिशेब आपल्या नातवंडांच्या किनाऱ्यांचा आहे. तो एकाच साक्षीवर सोडून चालणार नाही, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.