काहीच न घडण्याचा पगार

'पाहिजेत : इंजिनिअरिंग मॅनेजर (मेंटेनन्स). बी.ई. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल. 12 ते 15 वर्षांचा अनुभव. पीएलसी, हायड्रॉलिक्सची माहिती. डायनॅमिक लीडर.' भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अशा जाहिराती वाचताना त्या 'डायनॅमिक'ची मला नेहमी गंमत वाटते. मशीन फिरतंय ना, मग पुरे की राव! मॅनेजर जरा शांत असलेलाच बरा.

माझी एक मैत्रीण चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात एचआरला आहे. ही एकच खुर्ची भरण्यात तिचे तीन महिने गेलेत. सीव्ही ढिगाने येतात, पण दुखणं वेगळंच. "सेल्सवाला सांगतो, एवढे कोटी आणले. प्रॉडक्शनवाला सांगतो, एवढे नग काढले. मेंटेनन्सवाल्याने काय सांगायचं? वर्षभरात काही झालं नाही?"

पॉइंट आहे. वेळेवर बदललेलं बेअरिंग कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो रात्रभर जागून कॉम्प्रेसर चालू करणारा हीरो, आणि सीव्हीतही त्याचीच कथा रंगते. अरे, पण तो बंद पडेपर्यंत तू काय करत होतास? हे विचारायचं सोडून पॅनेल टाळ्या वाजवतं. एखादं मशीन सरासरी किती तास न थांबता चाललं आणि बंद पडल्यावर उभं करायला किती वेळ लागला, हे दोन आकडे मागितले तरी निम्मी गर्दी पांगेल.

शेवटी तिने एक युक्ती केली. कंपनीतून रिटायर झालेल्या एका फोरमनकाकांना पॅनेलवर बसवलं. काकांचा प्रश्न साधाच : "महिनाअखेर आहे, ट्रक गेटवर उभा आहे, आणि बेअरिंग गरम होतंय. लाइन थांबवाल?" बहुतेकांचं उत्तर, 'सिच्युएशन बघून.' (हे उत्तर लग्नाच्या बोलणीतही चालतं.) एकजण मात्र म्हणाला, "प्रॉडक्शनकडे पाऊण तास मागीन. नाही म्हणाले तर तसं लिहून मागीन. आणि धोका माणसाला असेल, तर मागणारच नाही. थांबवीन."

मग काकांनी कुलपाचा विषय काढला. इथे आपल्यासारख्या एसीत बसणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. मशीनच्या आत हात घालण्याआधी वीज, हवा, हायड्रॉलिक प्रेशर सगळं तोडायचं आणि स्विचला आपलं कुलूप लावायचं. त्यावर आपलं नाव, चावी आपल्याच खिशात. आत पाचजण असतील तर कुलपं पाच. शेवटचं निघेपर्यंत मशीन चालू होत नाही. अमेरिकेत 1989 साली याचा रीतसर नियमच झाला.

काकांनी विचारलं, "चार कुलपं निघाली. पाचव्याची शिफ्ट संपलीय, तो सापडत नाही. लाइन थांबलेली आहे. काय कराल?" एका फाड फाड इंग्रजी बोलणाऱ्याने कटर मागवला. काकांनी त्याचा कागद उलटा ठेवला. पाऊण तास मागणारा म्हणाला, "आधी मशीनच्या आत बघीन, तो तिथेच नाही ना. मग गेटचं रजिस्टर, मग त्याच्या घरी फोन. तो बाहेर आहे याची खात्री झाल्यावरच कुलूप तोडीन, माझ्या सहीने. आणि उद्या कामाला हात लावण्याआधी त्याला ते सांगितलं जाईल."

हे अति वाटतं? 1984 मध्ये 2-3 डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये गळणारा वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर बंद होता, कारण त्याला जोडणारी पाइप काढलेली होती. टाकी थंड ठेवणारी यंत्रणाही बंद होती. मेंटेनन्सची कामं 'नंतर बघू'मध्ये टाकली, की 'नंतर' असं येतं.

बरं, या नोकरीला ग्लॅमर शून्य. गुरुवारी अख्खा भोसरी-पिंपरी पट्टा सुट्टीवर असतो, तेव्हा मेंटेनन्सवाले कामावर, कारण मशीन तेव्हाच मोकळं सापडतं. दिवाळीतही तेच. खंडेनवमीला मशीनला हार घालताना फोटोत साहेब पुढे, आणि वर्षभर त्या मशीनला ग्रीस भरणारा मागे कुठेतरी.

मैत्रिणीला माणूस सापडलाय. पगारावर त्याने फारशी घासाघीस केली नाही. त्याने एकच विचारलं : "मी रिपोर्ट कुणाला करायचा?" कंपनीच्या चार्टप्रमाणे, प्रॉडक्शन हेडला. म्हणजे ज्याची लाइन थांबवायची, त्याच्याच हातात याचं अप्रेझल! त्याला थेट प्लँट हेड हवाय. प्रॉडक्शन हेडला अर्थातच ते मान्य नाही. दोन मीटिंगा झाल्या, तिसरी या शुक्रवारी आहे. ऑफर लेटर टाइप होऊन पडलंय, त्यातली ती एक ओळ अजून कोरी आहे.