पीएचडी : शोधनिबंधाची सक्ती गेली, ते बरेच झाले!

प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करायचा आणि परिषदांत दोन निबंध वाचायचे, अशी यूजीसीची २०१६ ची अट होती. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ती वगळली. त्यामुळे दर्जा घसरेल, अशी भीती अनेकांना वाटते. मला हा निर्णय योग्य वाटतो.

का? प्रत्येक विषयाच्या संशोधनाचा वेग वेगळा असतो. रसायनशास्त्रात प्रयोगांच्या एका मालिकेवरही निबंध होतो. मराठ्यांच्या इतिहासात आधी मोडी शिकायची, मग पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून एकेक कागद लावायचा. गणितात एक सिद्धता अडली की वर्ष जाते.

सगळ्यांना एकच अट लावली की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांचे फावते. यूजीसीला २०१८ मध्ये स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली होती.

अट गेली, जबाबदारी नाही. ती आता मार्गदर्शक आणि परीक्षकांवर आहे. ‘शोधगंगा’वर हजारो प्रबंध मोबाइलवरही मोफत वाचता येतात. दर्जा तिथे तपासा, निबंधांच्या संख्येत नको.