वस्तू परत गेली, कर्ज राहिले

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठे टीव्ही, एसी आणि डिशवॉशर यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दर उतरणार हे कळल्यावर, आधी नोंदवलेली ऑर्डर रद्द करून तीच वस्तू नव्या भावाने घ्यावी, असा विचार आपल्या सभासदांच्याही घरांत झाला. रोख पैसे भरलेल्यांचे काम सोपे होते. ज्यांनी हप्त्यांवर, म्हणजे विक्रेत्याने जोडून दिलेल्या फायनान्सवर खरेदी केली होती, त्यांच्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न आला: ऑर्डर रद्द झाली, पण हप्त्याचे काय?

आपल्या बडोद्यातल्या जुन्या पिढीला उधारीची खरेदी नवी नाही. रावपुऱ्यातल्या किंवा मंगळ बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराकडे वही असे. वस्तू परत केली की वहीतली नोंद खोडली जाई आणि व्यवहार तिथेच संपे. कारण माल देणारा आणि उधार देणारा माणूस एकच होता. आजच्या ऑनलाइन खरेदीत हे दोघे वेगळे आहेत. पडद्यावर एकच बटण दिसत असले तरी ते दाबल्यावर दोन करार होतात. एक विक्रेत्याशी, वस्तूचा. दुसरा बँकेशी किंवा वित्त कंपनीशी, कर्जाचा. आपण रद्द करतो तो पहिला. दुसरा आपोआप रद्द होतोच असे नाही, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ इथे आहे.

वित्त कंपनीच्या कर्जात रक्कम आपल्या हातात येत नाही, ती थेट विक्रेत्याला जाते. ऑर्डर रद्द झाल्यावर विक्रेत्याने ती कंपनीला परत करायची आणि मग कंपनीने कर्जखाते बंद करायचे, असा क्रम असतो. यात काही दिवस जातात. मधल्या काळात हप्त्याची तारीख आली, तर आपण दिलेल्या परवानगीनुसार बँक खात्यातून हप्ता कापला जातो. तो पुढे परत मिळू शकतो. पण रागाच्या भरात खाते रिकामे ठेवले किंवा परवानगी थांबवली, तर हप्ता बाउन्स झाल्याचा दंड बँकही लावते आणि वित्त कंपनीही. शिवाय थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीकडे जाते. १ जानेवारी २०२५ पासून या नोंदी दर पंधरवड्याला कळवण्याचा नियम लागू झाला, त्यामुळे थकबाकी आता लवकर दिसते.

क्रेडिट कार्डावरच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांत हिशेब आणखी आडवळणाचा आहे. समजा, टीव्ही ४८,००० रुपयांचा आहे आणि १२ महिने ४,००० रुपयांचा हप्ता आहे. प्रत्यक्षात विक्रेता सुमारे ३,००० रुपयांची सूट देतो, कर्ज ४५,००० चे होते आणि बँक त्यावर साधारण १२ टक्के दराने ३,००० रुपये व्याज घेते. म्हणजे व्याज असतेच, फक्त सुटीने ते झाकले जाते. व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पहिल्या हप्त्यानंतर खरेदी रद्द केली, तर विक्रेता ४५,००० परत करतो. पण पहिल्या महिन्याचे ४५० रुपये व्याज, त्यावरचा ८१ रुपये कर आणि प्रक्रिया शुल्क बहुधा परत येत नाही. हप्त्यांचे कर्ज बंद करा, असे बँकेला सांगितले नाही, तर परतावा कार्डावर जमा दिसतो आणि हप्ते चालूच राहतात. कार्डावरच्या खरेदीचे हप्ते करताना मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवावी, असे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ चे निर्देश सांगतात. तो तपशील वाचण्याची सवय आपल्याला लागलेली नाही.

मग कायदा काय म्हणतो? इथे दोन घड्याळे आहेत आणि ती जुळत नाहीत. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष, जाहिरातीपेक्षा वेगळी किंवा दिलेल्या मुदतीनंतर आलेली वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. नुसते मन बदलले, तर मात्र विक्रेत्याच्या परताव्याच्या अटी लागू होतात. कर्जाच्या बाजूला, डिजिटल कर्ज ठरावीक मुदतीत दंडाविना परत करण्याची सोय आहे. तिला 'कूलिंग ऑफ' म्हणतात. २०२२ मध्ये सात किंवा त्याहून अधिक दिवसांच्या मुदतीच्या कर्जांना ती किमान ३ दिवस होती. मे २०२५ च्या निर्देशांत ती किमान १ दिवसावर आली. वस्तू चौथ्या दिवशी घरी येते, खोके उघडल्यावर दोष कळतो, तोवर ही मुदत संपलेली असू शकते. शिवाय मुदतीत बाहेर पडायचे तर मुद्दल आपण परत करायचे, आणि ते मुद्दल तर विक्रेत्याकडे असते!

युरोपीय संघाने २००८ च्या ग्राहक कर्ज निर्देशात ही गाठ सोडवली आहे. वस्तूच्या करारातून ग्राहक कायद्यानुसार बाहेर पडला, की तिच्याशी जोडलेल्या कर्जाच्या करारातूनही तो मोकळा होतो. आपल्याकडे वस्तूचे नियम ग्राहक व्यवहार मंत्रालयाचे आणि कर्जाचे रिझर्व्ह बँकेचे. दोघांना जोडणारा असा सरळ नियम नाही. तो व्हावा, असे आम्हाला वाटते. कर्ज जर विक्रेत्याच्याच पानावरून दिले जात असेल, तर ते बंद करून देण्याची जबाबदारीही त्या दोघांनी उचलावी. ग्राहकाने मध्ये निरोप्या होऊन फिरू नये.

तोवर काही गोष्टी पाळाव्यात. ऑर्डर देतानाच कर्जाचे मुख्य तथ्य विवरण उतरवून ठेवावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदतकर्जांना ते देणे बंधनकारक आहे. शक्यतो वस्तू पाठवण्यापूर्वीच रद्द करावी. रद्द केल्याच दिवशी विक्रेत्याची पोच जोडून कर्ज देणाऱ्यालाही लेखी कळवावे. खाते बंद होईपर्यंत हप्त्यापुरते पैसे खात्यात ठेवावेत. शेवटी 'नो ड्यूज' पत्र मागावे आणि पतअहवाल तपासावा. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. चुकीची नोंद तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

विक्रेत्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतही बोलता येते आणि गुजरातीतही. कर्ज देणाऱ्याने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. विक्रेत्याचे कार्यालय बंगळुरूत असो वा गुरुग्रामात, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.

पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले आपल्या नावावर हप्ते घेऊन इथल्या आईवडिलांसाठी फ्रिज, टीव्ही पाठवतात. वस्तू एका गावात, कर्ज दुसऱ्या गावात, आणि रद्द करण्याचा निरोप फोनवर! अशा घरांनी कर्ज कोणाचे, हप्ता कोणत्या खात्यातून आणि कोणत्या तारखेला जाणार, एवढे तरी दोन्हीकडे लिहून ठेवावे.